बोअर नंबर अकरा

आमच्या साखा भाषेत या जमिनीला म्हणतात
इर्बेत तोङ, कधीच न वितळणारं गोठण.
शब्द अजून घट्ट आहे.
जमीन नाही.

सात वर्षांत प्रोकोपीचं घर
एका कोपऱ्यात दीड वीत खचलं.
दर जूनमध्ये तो ट्रकचा जॅक लावतो,
लार्चच्या लाकडाची आणखी एक पाचर ठोकतो,
आणि टेबलावर वाटाणा ठेवून बघतो
कुठे घरंगळतो ते.
त्याचं हे उपकरण माझ्यापेक्षा स्वस्त,
चूक फार तर एका वाटाण्याएवढी.

माझ्याकडे चौदा बोअर आहेत,
प्रत्येकात दहा मीटर उतरलेली वायर,
वायरीवर माळेतल्या मण्यांसारखे तापमापक,
आणि याकुत्स्कमध्ये तिसऱ्या मजल्यावर
एक मॉडेल, रात्रभर उष्णता खाली झिरपवणारं :
हवेतून हिमात, हिमातून शेवाळात,
शेवाळातून मातीत, आणि मातीतून
चाळीस हजार वर्षं जुन्या
बर्फाच्या पाचरीत.
(ही पाचर काढली की घर पडतं.
प्रोकोपीच्या पाचरीचं नेमकं उलट
कोणी सांगितलं?)

तेरा बोअर मॉडेलचं ऐकतात.
अकरावा ऐकत नाही.
मॉडेल म्हणतं, उणे दीड.
तो म्हणतो, उणे तीन पूर्णांक दोन,
पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्याही.

मी आधी तापमापकावर संशय घेतला,
मग वायरीवर,
मग ती पुरणाऱ्या आइतालवर, बिचारा नवा विद्यार्थी,
आणि शेवटी अकराला वगळून आलेख काढला.
सुंदर आला.
इतका सुंदर की झोप लागेना.

फेब्रुवारीत गेले. उणे सत्तेचाळीस.
श्वास बाहेर पडताच किणकिणत होता.
"अकरा?" प्रोकोपी म्हणाला,
"तिथे तर माझ्या घोड्या असतात."

आमच्याकडे हिम म्हणजे गोधडी.
जाड पडलं की जमीन आत उबदार राहते,
हिवाळा वरच्यावर निघून जातो.
आणि इथे कुगास, तांबडी म्हातारी घोडी,
पुढच्या पायाने ती गोधडी उसकत होती
खालच्या वाळल्या गवतासाठी.
एक खड्डा. दोन पावलं. दुसरा खड्डा.
मागे अठरा जणी.
प्रत्येक खड्ड्यातून हिवाळा
वाकून आत शिरत होता.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?
माझ्या समीकरणांत वारा होता, ढग होते,
शेवाळाची जाडी मिलिमीटरमध्ये होती.
खूर नव्हता.

मी खूर घातला.
अकरावा बोअर गुमान रेषेवर आला.
मग संध्याकाळी प्रोकोपीने चहात दूध ओतत
विचारू नये ते विचारलं :
"घर राहायला किती घोड्या लागतील?"

एकोणीस घालून चालवलं. साठ घालून.
शंभर घातल्या तर दुसऱ्या वर्षी गवतच संपतं,
आणि त्याच्या मुलाला तर एकही नको,
तो याकुत्स्कमध्ये टॅक्सी चालवतो.
शून्य घालूनही चालवलं.
त्याला लॅपटॉपवरचे रंग कळत नव्हते,
पण माझा चेहरा कळला.

"बरं," म्हणाला, "कुरणाचं काय?"
कुरण टिकेल. काही काळ. बहुतेक.
"मग तेवढं लिही."

लिहिलंय. कोडमध्ये त्या चलाचं नाव
मी कुगास ठेवलं, आणि बदलायचं राहून गेलं.
परवा परीक्षकाचा शेरा आला :
तक्ता तीन, 'कुगास', एकक दिलेलं नाही.

खुरं दर हेक्टरी, असं लिहून खोडलं.
एक घोडी, एक हिवाळा, हेही खोडलं.
प्रोकोपीला फोन लावला, उचलला नाही.
जून आहे.
जॅक लावत असेल.